वाळूच्या पोटात औषध

स्टॉकहोममधल्या हेलेनेबोर्ग इथे आल्फ्रेड नोबेल यांच्या कारखान्यात १८६४ साली स्फोट झाला आणि त्यात त्यांचा धाकटा भाऊ एमिल गेला. कारण होते नायट्रोग्लिसरीन. तेलासारखा दिसणारा हा द्रव जरासा धक्का लागला तरी फुटायचा. तो कसा हाताळायचा आणि गावोगावी न्यायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर नोबेल यांना उत्तर जर्मनीतल्या एका पांढरट, हलक्या मातीत सापडले. ती माती म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची युगानुयुगे साचलेली कवचे. वाळू आणि काच ज्या द्रव्याची बनते त्याच सिलिकाची ही कवचे असतात, आणि त्यांना बारीक छिद्रे असतात. तीन भाग नायट्रोग्लिसरीन एका भाग मातीत जिरवले की निर्धास्तपणे हाताळता येईल असा लगदा तयार होई. डेटोनेटरच्या, म्हणजे छोट्या स्फोटक टोपीच्या, धक्क्याशिवाय तो फुटत नसे, म्हणून ठरावीक जागी, ठरावीक वेळीच त्याचा स्फोट घडवता येई. १८६७ साली पेटंट घेतलेला डायनामाइट तो हाच.

याच नायट्रोग्लिसरीनचे पुढे औषध झाले. हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून छातीत कळ येते, तेव्हा ते अगदी थोड्या मात्रेत दिल्यास आराम पडतो, हे लंडनच्या डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये मांडले. उतारवयात खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी तेच लिहून दिले होते.

सच्छिद्र सिलिकात जहाल पदार्थ कोंडायचा, वाटेत त्याला काही करू द्यायचे नाही, आणि हव्या त्या जागी पोहोचल्यावरच मोकळे करायचे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत नेमके याच सूत्रावर काम चालू आहे. फरक इतकाच की आता छिद्रे निसर्गाने दिलेली नाहीत, माणसाने मापून घडवलेली आहेत, आणि कोंडायचा पदार्थ बहुतेक वेळा कर्करोगावरचे औषध आहे.

डॉक्सोरुबिसिनचे उदाहरण घेऊ. स्तनाच्या कर्करोगापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत अनेक ठिकाणी वापरले जाणारे हे लाल रंगाचे औषध सलाईनच्या नळीतून शरीरात जाते. रक्तात मिसळले की ते गाठीत जाते तसेच केसांच्या मुळांत, आतड्याच्या अस्तरात आणि हृदयाच्या स्नायूतही जाते. केस पुन्हा येतात. हृदयाचे तसे नाही. तिथली इजा साठत जाते, म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात या औषधाची एकूण किती मात्रा द्यायची याला डॉक्टरांनी मर्यादा घालून ठेवली आहे. औषध गुणकारी आहे, गाठ त्याला दाद देते आहे, आणि तरीही ते थांबवावे लागते, अशी वेळ रुग्णावर येऊ शकते. या कोंडीतून वाट काढण्यासाठी जे खटाटोप झाले, त्यांत चरबीच्या सूक्ष्म पिशवीत औषध भरण्याची कल्पना सर्वांत आधी यशस्वी झाली. लायपोसोम नावाच्या या पिशव्यांत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला, म्हणजे डॉक्सिलला, अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. ते तयार करणे किती नाजूक काम आहे याची प्रचीती २०१२ मध्ये आली. अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध नियंत्रकांनी मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लायपोडॉक्स तात्पुरते आयात करू दिले.

चरबीची पिशवी मऊ असते. ती गळते, साठवणीत बिघडते, आणि तिच्या भिंतीला मनाजोगा दरवाजा बसवणे अवघड जाते. सिलिकाची भिंत कडक असते. आम्लाने ती सहसा विरघळत नाही, उष्णता सोसते, आणि तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या दाटीने असतात. त्यांना धरून रसायनशास्त्रज्ञ तिथे जवळजवळ हवा तो रेणू टाचू शकतो.

इथे एका शंकेचे निरसन आधीच करायला हवे. सिलिका म्हटले की ज्यांना सिलिकोसिस ठाऊक आहे त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो रास्त आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर आणि गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर या आजाराने वर्षानुवर्षे मेले आहेत. त्यांच्या फुप्फुसांत जाते ती स्फटिकी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची धूळ. औषधवाहक कणांतली सिलिका अस्फटिकी असते. तिच्यात अणूंची रांग लागलेली नसते आणि ती पाण्यात सावकाश विरघळते. अस्फटिकी सिलिका आपण रोज खातोही. गोळ्यांच्या पाकिटावर घटकांत ‘कोलाइडल सिलिकॉन डायऑक्साइड’ असे लिहिलेले असते ती हीच, आणि मसाल्याच्या पुडीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून ५५१ या क्रमांकाने घातली जाते तीही हीच. पण गोळीतून पोटात जाणे वेगळे आणि सुईवाटे थेट रक्तात जाणे वेगळे. त्या फरकाकडे पुढे यायचेच आहे.

या कणांचा जन्म औषधाच्या प्रयोगशाळेत झाला नाही. तो झाला तेलकंपनीत. कच्च्या तेलातले मोठे रेणू तोडून पेट्रोल बनवताना झिओलाइट नावाची सच्छिद्र खनिजे लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही झिओलाइटवर मोठे काम केलेले आहे. झिओलाइटची अडचण अशी की त्यांची छिद्रे फार अरुंद असतात. उद्योगात गाजलेल्या झेडएसएम-५ चे छिद्र जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरचे आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. जड तेलातले रेणू त्या छिद्रांत शिरतच नाहीत. रुंद छिद्रांच्या शोधात असलेल्या अमेरिकेतल्या मोबिल कंपनीच्या चार्ल्स क्रेस्गे, जेफ्री बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापला. त्यांनी बनवलेल्या सिलिकात सरळ, एकाच रुंदीच्या नळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या शेजारी शेजारी रचलेल्या होत्या, आणि त्यांची रुंदी दीड ते दहा नॅनोमीटरपर्यंत हवी तशी बदलता येत होती. या पदार्थाला त्यांनी एमसीएम-४१ हे नाव दिले.

श्रेय मात्र त्यांचे एकट्यांचे नव्हते. टोकियोच्या वासेदा विद्यापीठात काझुयुकी कुरोदा यांच्या गटाने १९९० मध्येच केनेमाइट या थरदार सिलिकेटपासून अशा रुंद छिद्रांचा पदार्थ बनवून प्रसिद्ध केला होता. याहून चकित करणारी गोष्ट १९९७ मध्ये पुढे आली. फ्रान्समधल्या फ्रान्चेस्को दि रेंझो आणि सहकाऱ्यांना एक जुने अमेरिकी पेटंट सापडले. विजेची उपकरणे बनवणाऱ्या सिल्व्हेनिया कंपनीच्या तिघांनी ते १९६९ मध्ये दाखल केले होते आणि १९७१ मध्ये ते मंजूर झाले होते. हलकी, भुसभुशीत सिलिका बनवण्याची कृती एवढाच त्याचा विषय. दि रेंझो यांनी ती कृती जशीच्या तशी करून पाहिली, आणि हाती आले ते एमसीएम-४१. पेटंट घेणाऱ्यांच्या हातून सुरेख षटकोनी रचना घडली होती, पण तिच्या आत डोकावून पाहण्याचे त्यांना कारणच पडले नव्हते. नुसता पदार्थ हाती येण्याने शोध पुरा होत नाही. आत काय आहे हे ओळखावे लागते आणि ते का घडले हेही सांगावे लागते. मोबिलच्या मंडळींनी ती दोन्ही कामे केली, म्हणून त्यांच्या निबंधाने एक नवे क्षेत्र उघडले.

आता हे घडते कसे? सगळी करामत साबणासारख्या एका पदार्थात आहे. सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड हे त्याचे पूर्ण नाव, प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘सीटॅब’ म्हणतात. त्याच्या रेणूला धनभारित डोके आणि सोळा कार्बनची लांब शेपटी असते. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला आवडत नाही. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून एकत्र येतात आणि त्यांच्या दंडगोल कांड्या बनतात. त्या पाण्यात सिलिकाचा स्रोत घातला की त्यातून निघणारे ऋणभारित सिलिकेट धनभारित डोक्यांकडे ओढले जाते आणि प्रत्येक कांडीभोवती त्याचे कवच जमू लागते. कवचे धरलेल्या कांड्या एकमेकींना चिकटून रांगा लावतात. दंडगोल वस्तू दाटीने रचल्या की षटकोनी मांडणी आपोआप येते. शेवटी सीटॅब काढून टाकले की जिथे कांडी होती तिथे नळी उरते.

कृती ऐकायला साधी आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात व्हिक्टर लिन यांच्या गटाने रूढ केलेली पद्धत आज हजारो विद्यार्थी करतात. अर्ध्या लिटरला थोडे कमी, म्हणजे ४८० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम सीटॅब विरघळवायचे. त्यात कॉस्टिक सोड्याचे थोडे द्रावण घालून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. मग जोरात ढवळत ठेवून ५ मिलिलिटर टीईओएस, म्हणजे टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट हा पारदर्शक द्रव, थेंबाथेंबाने सोडायचा. काही मिनिटांत नितळ द्रावण दुधी होते. दोन तासांनी ते गाळून, धुऊन, वाळवून पांढरी पूड मिळते.

ही पूड अजून निरुपयोगी असते, कारण तिच्या नळ्या सीटॅबने ठासून भरलेल्या असतात. ते काढणे ही केवळ सफाईची बाब नाही. सीटॅब पेशींना घातक आहे. जखम धुण्याच्या सॅव्हलॉनमध्ये सेट्रिमाइड नावाचे जंतुनाशक असते, त्याच कुळातले हे रसायन. जंतूंच्या पापुद्र्याला ते जसे भोके पाडते तसे आपल्या पेशींच्या पापुद्र्यालाही पाडते. ते नीट निघाले नाही, तर प्रयोगात कर्करोगाच्या पेशी मेलेल्या दिसतात आणि औषधाचा गुण आला असे वाटते. मारलेल्या असतात उरलेल्या सीटॅबने. या क्षेत्रातले निबंध वाचताना कणांतून सीटॅब पुरते निघाल्याचा पुरावा दिला आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. एमसीएम-४१ बनवताना मोबिलने सीटॅब भट्टीत सुमारे ५४० अंशांवर जाळून टाकले होते. पण इतक्या उष्णतेत बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे ढेकूळ होते आणि ते पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणून औषधासाठीचे कण बहुधा आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये किंवा अमोनियम नायट्रेटच्या अल्कोहोली द्रावणात पुन्हा पुन्हा उकळून धुतात.

धुऊन मोकळी झालेली पूड तपासायला ती उणे १९६ अंशांवर ठेवून तिच्यावर नायट्रोजन वायू सोडतात आणि किती वायू भिंतींना चिकटला ते मोजतात. त्यावरून आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ निघते. ते एका ग्रॅमला सुमारे हजार चौरस मीटर भरते, म्हणजे जवळपास दहा गुंठे. चिमूटभर पुडीत पाव एकराची जागा, आणि त्या सगळ्या जागेवर औषधाचे रेणू टेकू शकतात. १०० नॅनोमीटर व्यासाच्या एका कणाच्या आडव्या छेदात, दोन नळ्यांच्या मध्यांतले अंतर ४ नॅनोमीटर धरले, तर पाचशेहून अधिक नळ्यांची तोंडे बसतात. आणि असे सत्तरएक कण एका तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीत ओळीने मावतात.

छिद्रांचे माप सीटॅबच्या शेपटीच्या लांबीवर ठरते. शेपटी आखूड घेतली की नळी अरुंद होते. मोठी प्रथिने भरायची असतील तर वेगळा साचा घेतात. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे झाओ दोंगयुआन, गेलन स्टकी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लांब साखळीचे बहुवारिक वापरून ३० नॅनोमीटरपर्यंत रुंद नळ्यांचा एसबीए-१५ बनवला.

कणांचे बाहेरचे माप ठरवणे हा वेगळा प्रश्न. त्याचे मूळ व्हेर्नर श्टोबर यांच्याकडे जाते. १९६८ मध्ये त्यांनी आर्थर फिंक आणि अर्न्स्ट बोन यांच्यासह अल्कोहोल, पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणात अगदी एकसारखे गोल सिलिका कण वाढवून दाखवले. ५० नॅनोमीटरपासून २ मायक्रॉनपर्यंत हवे ते माप त्यांना मिळवता आले. त्या कणांना छिद्रे नव्हती. पुढे त्यांची रीत आणि सीटॅबचा साचा एकत्र आले आणि गोल, सच्छिद्र, लहान कण मिळू लागले. माप इतके का महत्त्वाचे, ते तैवान राष्ट्रीय विद्यापीठातल्या चुंग-युआन मोउ यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. ३० पासून २८० नॅनोमीटरपर्यंतचे कण त्यांनी कर्करोगाच्या पेशींना दिले, तेव्हा पेशींनी सर्वांत जास्त गिळले ते ५० नॅनोमीटरचे. लहान तितके बरे, असा सोपा नियम इथे चालला नाही.

सिलिकासाठी नेहमी महागडे टीईओएसच लागते असेही नाही. भाताच्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. कॉस्टिक सोड्यात ती विरघळवून सोडियम सिलिकेट मिळते आणि त्यापासून एमसीएम-४१ बनवल्याचे अनेक प्रयोग झाले आहेत. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलांमागे साचणाऱ्या तुसाकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मात्र औषधासाठी लागणारी शुद्धता राखेतून आणणे सोपे नाही. शोषक आणि उत्प्रेरक म्हणून तिचा उपयोग आधी होईल.

औषध भरण्याची रीत सरळ आहे. औषधाच्या दाट द्रावणात पूड भिजत घालायची आणि रेणू नळ्यांत शिरू द्यायचे. या सच्छिद्र पदार्थाचा औषधासाठी उपयोग करावा, ही कल्पना माद्रिदच्या मारिया व्हालेत-रेखी यांच्या गटाने २००१ मध्ये मांडली. त्यांनी वापरले ते आयबुप्रोफेन, आपल्याकडे अंगदुखीवर घेतात तेच. वजनाच्या सुमारे ३० टक्के औषध एमसीएम-४१ मध्ये मावले आणि शरीरद्रवासारख्या द्रावणात ते हळूहळू बाहेर आले. व्हालेत-रेखी हाडांसाठीच्या द्रव्यांवर काम करणाऱ्या. भरून न येणाऱ्या हाडात औषध साठवता आले तर बरे, या दृष्टीने त्या याकडे वळल्या होत्या.

हळूहळू बाहेर येणे हे हाडाला चालते. कर्करोगाच्या औषधाला चालत नाही, कारण वाटेतच गळू लागले तर हृदयाला पुन्हा तीच इजा. म्हणजे नळीला दार हवे, आणि ते फक्त योग्य जागी उघडायला हवे. २००३ मध्ये व्हिक्टर लिन यांच्या गटाने नळ्यांच्या तोंडाशी कॅडमियम सल्फाइडचे बारीक कण बसवले. ते सिलिकाला गंधकाच्या जोडबंधाने बांधलेले होते. हा बंध ग्लुटाथायोनसारख्या रेणूंच्या संगतीत तुटतो, आणि पेशीच्या आत ग्लुटाथायोन रक्तापेक्षा शेकडो पटींनी अधिक असते. म्हणजे रक्तात दार बंद, पेशीत शिरल्यावर उघडे. कल्पना अत्यंत देखणी. पण कॅडमियम स्वतःच विष आहे, त्यामुळे हे औषध होणे शक्य नव्हते. असे दार बनवता येते एवढे त्याने सिद्ध केले, आणि त्या वेळी तेवढे पुरेसे होते. त्याच वर्षी जपानमध्ये नवल किशोर माल, मासाहिरो फुजिवारा आणि युको तनाका यांनी नळ्यांच्या तोंडाशी कुमारिनचे रेणू लावून प्रकाशाने उघडझाप करणारे दार बनवले. ते अतिनील किरणांनी चाले, आणि अतिनील किरण त्वचेच्या फार आत पोहोचत नाहीत.

पुढच्या वीस वर्षांत दारांचे कितीतरी प्रकार झाले. गाठीभोवतीचा भाग निरोगी ऊतींपेक्षा किंचित आम्ल असतो आणि कण गिळल्यावर पेशी त्याला ज्या पोकळीत ठेवते ती तर त्याहून आम्ल. त्या फरकाने उघडणारी झडपे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत जेफ्री झिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली. न्यू मेक्सिकोत जेफ्री ब्रिंकर यांच्या गटाने २०११ मध्ये अख्ख्या कणाभोवतीच चरबीचा पापुद्रा चढवला. लायपोसोमचा मऊपणा आणि सिलिकाची ताकद त्यात एकत्र आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशोक रायचूर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रोटामिन या प्रथिनाचे झाकण केले, ते ट्रिप्सिनसारख्या विकरांनी कुरतडले जाऊन उघडते. त्यातला विचार मोलाचा आहे. प्रोटामिन हे आधीपासूनच मान्यताप्राप्त औषध आहे. हेपारिनने रक्त फार पातळ झाले तर त्याचा परिणाम उतरवायला डॉक्टर हेच देतात. शरीराला ओळखीच्या द्रव्याचे दार करणे ही रुग्णापर्यंत पोहोचण्याची अधिक भरवशाची वाट आहे.

बाटलीत दार नेमके उघडते. शरीरात कण गाठीपर्यंत पोहोचायलाच हवा, आणि तिथे चित्र बदलते. उघड्या सिलिकाचा पृष्ठभाग तांबड्या पेशींना चिकटून त्या फोडू शकतो. हे नुकसान सच्छिद्र कण छिद्र नसलेल्या कणांपेक्षा कमी करतात, आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर चढवला की आणखी कमी. पण रक्तात शिरताच कोणत्याही कणाभोवती प्रथिनांचे वेष्टन बसते, आणि यकृत व प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला परका म्हणून उचलतात. टोरोंटोत वॉरन चान यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतल्या नॅनोकणांच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक निघाला ०.७ टक्के. हा आकडा सर्व प्रकारच्या नॅनोकणांचा आहे आणि त्याच्या गणितावर वादही झाला. तरीही, बहुतेक औषध गाठीखेरीज दुसरीकडेच जाते, हे त्याने झाकून राहू दिले नाही.

कण शेवटी जातात कुठे? अस्फटिकी सिलिका पाण्यात सावकाश विरघळून सिलिसिक आम्ल बनते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. सच्छिद्र कणांच्या भिंती पातळ असल्याने ते भरीव कणांहून लवकर झिजतात. पण यकृतात साठलेले कण नेमके किती दिवसांत जातील, हे माप, थर आणि मात्रा यांवर बदलते, आणि औषध नियंत्रक याच प्रश्नाचे उत्तर आधी मागतात.

कर्करोगावर सुईने देण्याचे एकही सच्छिद्र सिलिकाचे औषध अजून बाजारात आलेले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. रुग्णाच्या घरच्यांच्या हाती अशा बातम्यांची कात्रणे पडतात आणि उमेद जागते, म्हणून तर अधिकच. माणसांच्या शरीरात गेलेल्या सिलिका कणांत सर्वांत चर्चित आहेत कॉर्नेल विद्यापीठातल्या उलरिक विस्नर यांचे ‘सी डॉट्स’. ते ६-७ नॅनोमीटरचे, म्हणजे मूत्रपिंडातून गाळले जातील इतके लहान आहेत, आणि त्यांत नळ्या नाहीत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांना ते देऊन छायाचित्रण केल्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. कण लघवीतून बाहेर पडले आणि गंभीर त्रास झाला नाही. हे औषध नव्हते, गाठ दिसावी म्हणून केलेली खूण होती. पण सिलिका रक्तात सोडता येते, एवढा पुरावा त्याने हाती दिला.

खरी जवळची वाट मात्र तोंडावाटे आहे, आणि तिच्याकडे बातम्यांचे लक्ष फार कमी जाते. अनेक औषधे पाण्यात विरघळतच नाहीत, त्यामुळे गिळलेल्या गोळीतले बरेचसे औषध आतड्यातून तसेच निघून जाते. ती स्फटिकरूपात असतात आणि स्फटिक फोडायला पाण्याला जोर पुरत नाही. दोन-तीन नॅनोमीटरच्या नळीत कोंडलेल्या रेणूंना स्फटिकाची रांग लावायला जागाच मिळत नाही. ते विस्कळीत राहतात आणि आतड्यातल्या पाण्यात चटकन उतरतात. फेनोफायब्रेट या रक्तातली चरबी कमी करणाऱ्या औषधावर २०१६ मध्ये याचा प्रयोग झाला. १२ निरोगी स्वयंसेवकांना सच्छिद्र सिलिकात भरलेले फेनोफायब्रेट दिले, तेव्हा बाजारातल्या नेहमीच्या औषधाच्या तुलनेत रक्तात पोहोचलेले प्रमाण सुमारे दीडपट झाले. इथे दार नको, गाठीचा नेम नको, रक्तातल्या भक्षक पेशींची भीती नको. सिलिका आतड्यातून पुढे निघून जाते. जर्मनीच्या मर्क कंपनीने तर गोळ्यांसाठीची सच्छिद्र सिलिका ‘पार्टेक एसएलसी’ या नावाने विकायलाही ठेवली आहे.

सुईच्या वाटेवर उरलेले काम मुख्यतः कारखान्याचे आहे. ढवळण्याचा वेग, टीईओएस सोडण्याची गती, तापमानातले दोन-चार अंश, यांतल्या कशानेही कणांचे माप बदलते, आणि ५० च्या जागी ८० नॅनोमीटरचा कण आला की शरीर त्याला वेगळी वागणूक देते. अर्ध्या लिटरच्या चंचूपात्रात एक-दीड ग्रॅम पूड मिळते. औषध कंपनीला तीच किलोंनी हवी, प्रत्येक खेपेला एकाच मापाची, सीटॅबचा अंश न उरलेली, आणि वाळवून ठेवल्यावर महिन्यांनी पाण्यात घातली तरी एकेक कण सुटा होणारी.